योग्यकर्ता: राजकीय इतिहास आणि समकालीन सामाजिक प्रश्न

योग्यकर्ता (स्थानिक उच्चार: जोगजाकार्ता, बोलीभाषेत जोगजा) हे इंडोनेशियाच्या जावा बेटावरील एक ऐतिहासिक शहर असून ते योग्यकर्ता विशेष प्रांताची राजधानी आहे. शहराच्या उत्तरेस मेरापी हा जागृत ज्वालामुखी व दक्षिणेस हिंदी महासागर आहे. प्रांतात योग्यकर्ता शहराखेरीज स्लेमान, बांतुल, कुलोन प्रोगो व गुनुंग किदुल हे चार जिल्हे येतात. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३.७४ लाख, तर संपूर्ण प्रांताची सुमारे ३६.७ लाख होती.

इंडोनेशिया हे प्रजासत्ताक आहे, तरीही योग्यकर्ता प्रांताचे गव्हर्नरपद वंशपरंपरेने येथील सुलतानाकडे जाते. इंडोनेशियातील गव्हर्नर हा भारतातील राज्यपालाप्रमाणे नामधारी नसतो. तो प्रांताचा कार्यकारी प्रमुख असतो आणि अन्य प्रांतांत त्याची निवड थेट मतदानाने होते. योग्यकर्ताला मिळालेला हा अपवाद १९४५ ते १९४९ या काळातील स्वातंत्र्यलढ्यात राजघराण्याने घेतलेल्या भूमिकेचे फलित मानला जातो. जमिनीची मालकी, वारसाहक्क, आर्थिक विषमता, अल्पसंख्याकांचे अधिकार हे शहरातील आजचे बहुतेक वादविषय याच व्यवस्थेशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे निगडित आहेत.

नाव

शहराचे पूर्ण पारंपरिक नाव ङायोग्यकर्ता हादिनिंग्रात असे आहे. यातील ‘योग्य’ हा अंश रामायणातील अयोध्या या नगरीच्या नावाचे जावानी रूप मानला जातो. ‘कर्ता’ या जावानी शब्दाचा अर्थ समृद्ध वा भरभराटीस आलेला असा आहे. मराठीतील ‘योग्य’ व ‘कर्ता’ या शब्दांशी या नावाचा दिसणारा सारखेपणा अर्थाच्या दृष्टीने फसवा आहे. सुलतानाच्या ‘हामेंगकुबुवोनो’ या बिरुदातील ‘बुवोनो’ हा शब्द मात्र संस्कृत ‘भुवन’ यावरूनच आला आहे. ‘भुवनाला अंकावर घेऊन सांभाळणारा’ असा या बिरुदाचा आशय सांगितला जातो. शहरातील प्रमुख रस्ता मालिओबोरो याचे नाव संस्कृत ‘माल्यभर’ (पुष्पमालांनी सजलेला) या शब्दावरून पडले असावे, असे काही इतिहासकारांचे मत आहे.

पार्श्वभूमी: मातराम सल्तनत

योग्यकर्ताच्या परिसरात आठव्या ते दहाव्या शतकांत हिंदू-बौद्ध राजवटी होत्या. प्रांताच्या सीमेवरील प्रंबानन हा नवव्या शतकातील मंदिरसमूह त्याच काळातील असून त्याच्या भिंतींवर रामायणातील प्रसंग कोरलेले आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पानेंबाहान सेनापती याने आजच्या शहराच्या आग्नेयेस असलेल्या कोतागेदे येथे मातराम या मुस्लिम राज्याची स्थापना केली.

सुलतान आगुंग (कारकीर्द १६१३–१६४५) याच्या काळात मातरामचा अंमल जावाच्या बहुतांश भागावर पसरला. त्याने १६२८ व १६२९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील बटाव्हिया (आजचे जकार्ता) शहराला वेढा घातला. परंतु दोन्ही मोहिमा अयशस्वी ठरल्या. १६३३ मध्ये त्याने नवी कालगणना सुरू केली. त्यात महिने इस्लामी चांद्र पद्धतीने मोजले जाऊ लागले, मात्र वर्षांचा आकडा तोवर प्रचलित असलेल्या शक संवताचाच, म्हणजे शके १५५५ पासून पुढे, चालू ठेवण्यात आला. महाराष्ट्रातील पंचांगांत वापरला जाणारा शक तो हाच. जुन्या परंपरेचा धागा न तोडता नवा धर्म सामावून घेण्याची जावानी दरबाराची ही पद्धत पुढील राजकारणातही दिसते.

गियांतीचा तह व शहराची स्थापना

अठराव्या शतकाच्या मध्यास वारसाहक्काच्या लढायांनी मातराम खिळखिळे झाले. राजा पाकुबुवोनो दुसरा याने राजधानी कार्तासुराहून सुराकार्ता (सोलो) येथे हलवली आणि १७४९ मध्ये मृत्युशय्येवर असताना राज्याचे सार्वभौमत्व डच कंपनीच्या स्वाधीन केले. त्याचा भाऊ राजपुत्र मंगकुबुमी याने १७४६ मध्येच बंड पुकारले होते. त्याला पूर्णपणे नमवणे अशक्य आहे हे ध्यानी आल्यावर कंपनीने तडजोड केली. १३ फेब्रुवारी १७५५ रोजी झालेल्या गियांतीच्या तहाने मातरामचे दोन भाग झाले. सुराकार्ता पाकुबुवोनो घराण्याकडे राहिले, तर दुसरा भाग मंगकुबुमीला मिळाला. तो हामेंगकुबुवोनो पहिला (कारकीर्द १७५५–१७९२) या नावाने गादीवर बसला.

नव्या राजाने ७ ऑक्टोबर १७५६ रोजी नव्या राजवाड्यात, म्हणजे क्रातोनमध्ये, प्रवेश केला. हाच दिवस शहराचा वर्धापनदिन म्हणून पाळला जातो. शहराची आखणी एका सरळ दक्षिणोत्तर अक्षावर करण्यात आली. दक्षिणेस पांगुंग क्राप्याक ही वास्तू, मध्यभागी राजवाडा व उत्तरेस तुगू हा स्तंभ आहे. हा अक्ष पुढे वाढवला असता एका टोकास मेरापी पर्वत व दुसऱ्या टोकास समुद्र येतो, आणि राजा या दोहोंमध्ये संतुलन राखतो, अशी त्यामागील धारणा आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने हा ‘वैश्विक अक्ष’ व त्यावरील वास्तू यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

ब्रिटिश आक्रमण (१८१२)

नेपोलियनकालीन युद्धांच्या ओघात १८११ मध्ये ब्रिटिशांनी जावा जिंकून घेतले. लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस स्टॅमफर्ड रॅफल्स व हामेंगकुबुवोनो दुसरा यांच्यातील तणाव वाढत जाऊन जून १८१२ मध्ये ब्रिटिश फौजांनी योग्यकर्ताचा राजवाडा सर केला. या फौजेत बंगालच्या सैन्यातील हिंदी शिपायांचाही समावेश होता. राजवाड्याचा खजिना व ग्रंथसंग्रह लुटण्यात आला आणि सुलतानाला पेनांग येथे हद्दपार करण्यात आले. लुटीतील हस्तलिखिते पुढे लंडनमधील संग्रहांत जाऊन पडली. त्यांपैकी ७५ हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती २०१९ मध्ये सुलतानाकडे सुपूर्द करण्यात आल्या. मूळ प्रती परत मिळाव्यात अशी मागणी इंडोनेशियात होत असते.

ब्रिटिशांना साहाय्य केल्याबद्दल राजपुत्र नोतोकुसुमो याला पाकू आलम पहिला या नावाने स्वतंत्र जहागीर देण्यात आली. अशा रीतीने योग्यकर्तामध्ये सुलतान घराण्यासोबत पाकुआलामान हे दुसरे, धाकटे राजघराणे उदयास आले. आजच्या प्रांतव्यवस्थेत गव्हर्नरपद सुलतानाकडे व उपगव्हर्नरपद पाकू आलम याच्याकडे असण्याचे मूळ येथे आहे.

जावा युद्ध (१८२५–१८३०)

नेपोलियनच्या पराभवानंतर जावा पुन्हा डचांकडे आले. युरोपीय व चिनी मळेवाल्यांनी भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनी, रस्तोरस्ती बसवलेली जकातनाकी, वाढते कर आणि दरबारी कारभारातील डच हस्तक्षेप यांमुळे खेडुतांत व सरदारवर्गात असंतोष होता. १८२३ मध्ये डच सरकारने भाडेपट्टे अचानक रद्द केले. तेव्हा आगाऊ घेतलेल्या रकमा व नुकसानभरपाई परत करण्याचा भार जमीन देणाऱ्या जावानी सरदारांवर पडला व त्यांची आर्थिक कोंडी झाली.

हामेंगकुबुवोनो तिसरा याचा ज्येष्ठ पुत्र दिपोनेगोरो (१७८५–१८५५) याने या असंतोषाचे नेतृत्व केले. तेगालरेजो येथील त्याच्या मालकीच्या जमिनीतून जाणाऱ्या रस्त्यासाठी खुंट्या ठोकल्याच्या निमित्ताने जुलै १८२५ मध्ये संघर्षाला तोंड फुटले. पाच वर्षे चाललेल्या या युद्धात डचांच्या बाजूचे सुमारे १५,००० सैनिक कामी आले. त्यांपैकी सुमारे ८,००० युरोपीय होते. जावानी मृतांची संख्या सुमारे दोन लाख असावी असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक उपासमारीने व रोगराईने मेले. २८ मार्च १८३० रोजी मागेलांग येथे वाटाघाटींसाठी आलेल्या दिपोनेगोरोला डच सेनापती दे कॉक याने अटक केली. त्याला प्रथम मनाडो व नंतर मकासार येथे ठेवण्यात आले आणि तेथेच ८ जानेवारी १८५५ रोजी त्याचा मृत्यू झाला. मनाडो येथे असताना त्याने रचलेल्या आत्मचरित्रपर बखरीची नोंद युनेस्कोने २०१३ मध्ये ‘जगाची स्मृती’ या यादीत केली.

युद्धानंतर दोन्ही दरबारांचे बाह्य प्रदेश डचांनी खालसा केले. सुलतानाकडे प्रत्यक्ष सत्ता फारशी उरली नाही; दरबाराने आपले लक्ष नृत्य, गामेलान संगीत, छायानाट्य, बाटिक व रीतिरिवाज यांवर केंद्रित केले. जावानी संस्कृतीचे केंद्र ही योग्यकर्ताची ओळख याच काळात दृढ झाली.

राष्ट्रीय जागृती

विसाव्या शतकाच्या आरंभी योग्यकर्ता हे राष्ट्रीय चळवळीचे एक प्रमुख केंद्र बनले. बुदी उतोमो या संघटनेचे पहिले अधिवेशन ऑक्टोबर १९०८ मध्ये येथे भरले. १८ नोव्हेंबर १९१२ रोजी अहमद दहलान यांनी येथे मुहम्मदिया ही इस्लामी सुधारणावादी संघटना स्थापन केली. ती आज इंडोनेशियातील सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांपैकी एक असून शाळा, विद्यापीठे व रुग्णालये यांचे विस्तृत जाळे चालवते. पाकुआलामान घराण्यात जन्मलेले की हाजार देवांतारा यांनी ३ जुलै १९२२ रोजी तामान सिस्वा ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था सुरू केली. १९२७ मध्ये जावाच्या दौऱ्यावर आलेल्या रवींद्रनाथ टागोर यांनी या संस्थेला भेट दिली होती. २२ डिसेंबर १९२८ रोजी पहिल्या इंडोनेशियन महिला परिषदेस येथे प्रारंभ झाला. त्या स्मरणार्थ इंडोनेशियात २२ डिसेंबर हा मातृदिन म्हणून साजरा होतो.

स्वातंत्र्ययुद्ध व प्रजासत्ताकाची राजधानी (१९४५–१९४९)

हामेंगकुबुवोनो नववा (१९१२–१९८८) याचे उच्च शिक्षण नेदरलँड्समधील लायडन येथे झाले. १८ मार्च १९४० रोजी तो गादीवर आला. १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकर्णो व मोहम्मद हट्टा यांनी स्वातंत्र्याची घोषणा केल्यावर त्याने व पाकू आलम आठवा याने अभिनंदनाच्या तारा पाठवल्या. ५ सप्टेंबर १९४५ रोजी दोघांनीही जाहीरनामे काढून आपली राज्ये इंडोनेशिया प्रजासत्ताकाचा ‘विशेष प्रदेश’ असल्याचे घोषित केले. प्रदेशाचा कारभार आपल्या हाती राहील आणि आपण थेट राष्ट्राध्यक्षांना उत्तरदायी असू, असेही त्यांत नमूद होते.

गियांतीच्या तहातून निर्माण झालेल्या दुसऱ्या राजनगरीत, सुराकार्तामध्ये, याच्या उलट घडले. तेथील दरबाराला जनतेचा व प्रजासत्ताकवादी गटांचा विश्वास संपादन करता आला नाही. संस्थानविरोधी चळवळीमुळे १९४६ मध्ये सुराकार्ताचा विशेष दर्जा संपुष्टात आला व तो प्रदेश पुढे मध्य जावा प्रांतात विलीन झाला. एकाच घराण्याच्या दोन शाखांचे भवितव्य अवघ्या वर्षभरातील निर्णयांनी असे वेगळे झाले.

जकार्ता असुरक्षित झाल्यामुळे ४ जानेवारी १९४६ रोजी प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकर्ता येथे हलवण्यात आली. सुलतानाने राजवाड्याच्या खजिन्यातून नव्या सरकारला आर्थिक साहाय्य केले. या काळात भारताशीही शहराचा संबंध आला. २९ जुलै १९४७ रोजी सिंगापूरहून औषधे घेऊन येणारे, बिजू पटनायक यांच्या कंपनीचे डाकोटा विमान डच लढाऊ विमानांनी योग्यकर्ताजवळ पाडले. त्यात मृत्यू पावलेले हवाईदल अधिकारी आदिसुचिप्तो यांचे नाव पुढे शहराच्या विमानतळास देण्यात आले.

१९ डिसेंबर १९४८ रोजी डच फौजांनी योग्यकर्ता ताब्यात घेऊन सुकर्णो व हट्टा यांना कैद केले. सुलतानाला मात्र त्यांनी हात लावला नाही, आणि त्याने राजवाड्यात राहून डचांशी सहकार्य करण्यास नकार दिला. १ मार्च १९४९ रोजी प्रजासत्ताकाच्या सैन्याने शहरावर अचानक हल्ला चढवून सुमारे सहा तास ते ताब्यात ठेवले. प्रजासत्ताक संपलेले नाही, हे त्यामुळे जगापुढे आले. जून १९४९ अखेर डच सैन्य शहरातून माघारी गेले आणि २७ डिसेंबर १९४९ रोजी सत्तांतर झाले. १९ डिसेंबर १९४९ रोजी स्थापन झालेल्या गाजा मादा विद्यापीठाचे सुरुवातीचे वर्ग राजवाड्याच्या आवारातच भरत असत.

१ मार्चच्या हल्ल्याचे श्रेय हा आजही वादाचा विषय आहे. त्यावेळी लष्करी तुकडीचे नेतृत्व करणारे सुहार्तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाले व त्यांच्या राजवटीत हल्ल्याची कल्पना त्यांचीच असल्याचे शिकवले गेले. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने १ मार्च हा राष्ट्रीय स्मृतिदिन घोषित झाला. त्या आदेशात पुढाकाराचे श्रेय हामेंगकुबुवोनो नववा याला देण्यात आले असून सुहार्तो यांचा उल्लेख नाही.

विशेष प्रांत

१९५० च्या कायद्याने योग्यकर्ता विशेष प्रांत अस्तित्वात आला. हामेंगकुबुवोनो नववा हा १९८८ मध्ये मृत्यू होईपर्यंत गव्हर्नर होता. १९७३ ते १९७८ या काळात तो देशाचा उपराष्ट्राध्यक्षही होता. त्याच्यानंतर पाकू आलम आठवा याने १९९८ पर्यंत गव्हर्नरपदाचा कार्यभार सांभाळला. हामेंगकुबुवोनो दहावा ७ मार्च १९८९ रोजी गादीवर आला. आर्थिक अरिष्टाच्या काळात, २० मे १९९८ रोजी, राजवाड्यासमोरील पटांगणात प्रचंड जनसमुदाय जमला. सुलतान व पाकू आलम यांनी तेथे सुधारणांना पाठिंबा देणारे निवेदन वाचले. दुसऱ्याच दिवशी सुहार्तो यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी हामेंगकुबुवोनो दहावा गव्हर्नर झाला.

लोकशाहीकरणाच्या लाटेत सर्व प्रांतांत गव्हर्नरांची थेट निवडणूक सुरू झाल्यावर योग्यकर्ताचे काय, हा प्रश्न उभा राहिला. नोव्हेंबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष सुसिलो बांबांग युधोयोनो यांनी राजेशाही ही लोकशाही व राज्यघटना यांच्याशी विसंगत असता कामा नये, अशा आशयाचे विधान केले. त्याविरुद्ध शहरात मोठी निदर्शने झाली. अखेर ‘२०१२ चा कायदा क्रमांक १३’ संमत झाला. त्यानुसार विद्यमान सुलतानाची गव्हर्नर म्हणून व विद्यमान पाकू आलम याची उपगव्हर्नर म्हणून दर पाच वर्षांनी निवडणुकीविना नियुक्ती होते. दोघांनाही राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही. पदनियुक्ती, प्रांतिक प्रशासनाची रचना, संस्कृती, जमीन आणि क्षेत्रनियोजन या पाच बाबींत प्रांताला विशेषाधिकार आहेत. त्यासाठी केंद्र सरकारकडून स्वतंत्र विशेष निधी मिळतो. २०१८ नंतरच्या काळात तो वर्षाला सुमारे एक लाख कोटी रुपिया वा त्याहून अधिक राहिला आहे.

या व्यवस्थेचे समर्थक ऐतिहासिक करार, स्थैर्य व सांस्कृतिक सातत्य यांकडे लक्ष वेधतात. राज्यघटनेतील अनुच्छेद १८-ब विशेष दर्जाच्या प्रदेशांना मान्यता देतो, हाही त्यांचा आधार आहे. टीकाकारांच्या मते, मतदारांना ज्याला पदावरून दूर करता येत नाही असा कार्यकारी प्रमुख हीच या व्यवस्थेतील मुख्य अडचण आहे.

समकालीन प्रश्न

जमीन

१९१८ मध्ये वसाहतकालीन राजपत्रातून अशी घोषणा करण्यात आली की, मालकीचा पुरावा नसलेली सर्व जमीन अनुक्रमे सुलतान व पाकू आलम यांची आहे. या जमिनी ‘सुलतान ग्राउंड’ व ‘पाकुआलामान ग्राउंड’ या नावांनी ओळखल्या जातात. १९६० च्या राष्ट्रीय कृषिभूमी कायद्याने माजी संस्थानांचे जमीनहक्क रद्द केले; परंतु योग्यकर्तामध्ये त्याची पूर्ण अंमलबजावणी १९८४ पर्यंत लांबली. २०१२ च्या कायद्याने तर दोन्ही राजघराण्यांना जमीन धारण करू शकणाऱ्या विधिमान्य संस्थांचा दर्जा दिला. परिणामी पिढ्यान् पिढ्या अशा जमिनींवर राहणाऱ्या वा शेती करणाऱ्या कुटुंबांना मालकीऐवजी केवळ वापराचा परवाना मिळतो. जमिनीचा धनी व प्रांताचा शासनप्रमुख ही एकच व्यक्ती असल्याने वाद झाल्यास दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो.

कुलोन प्रोगो जिल्ह्यात हा संघर्ष विशेष तीव्र झाला. तेथील किनाऱ्यावरील रेताड जमिनीत मिरची व कलिंगडाची शेती उभी करणाऱ्या शेतकऱ्यांनी २००६ पासून लोहयुक्त वाळूच्या नियोजित खाणींना विरोध केला. त्याच जिल्ह्यात सुमारे ५८७ हेक्टरांवर उभारलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी भूसंपादन करताना काही कुटुंबांनी घरे सोडण्यास अखेरपर्यंत नकार दिला. हा विमानतळ मे २०१९ मध्ये अंशतः व मार्च २०२० मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाला.

चिनी वंशाच्या नागरिकांचा जमीनहक्क

१९७५ मध्ये उपगव्हर्नरांनी काढलेल्या एका सूचनेनुसार ‘मूळ रहिवासी’ नसलेल्या इंडोनेशियन नागरिकांना प्रांतात जमिनीचा पूर्ण मालकीहक्क दिला जात नाही. त्यांना केवळ मर्यादित मुदतीचे हक्क मिळतात. व्यवहारात ही सूचना मुख्यतः चिनी वंशाच्या नागरिकांना लागू होते. दुर्बल शेतकऱ्यांच्या जमिनी धनिकांच्या हाती जाऊ नयेत हा तिचा उद्देश असल्याचे प्रांतिक सरकार सांगते. विरोधक तिला वांशिक भेदभाव मानतात. सूचनेविरुद्ध न्यायालयांत दाखल झालेली आव्हाने आजवर फेटाळली गेली आहेत.

वारसाहक्क व स्त्रिया

हामेंगकुबुवोनो दहावा याला पाच कन्या असून पुत्र नाही. योग्यकर्ताच्या गादीवर आजवर स्त्री बसलेली नाही. एप्रिल-मे २०१५ मध्ये सुलतानाने राजाज्ञा काढून आपल्या बिरुदावलीतील ‘खलिफातुल्लाह’ हा धार्मिक शब्द वगळला व ज्येष्ठ कन्येस ‘मंगकुबुमी’ ही पदवी दिली. संस्थापक राजाचे हेच पूर्वनाम असल्याने ही वारसनियुक्तीची पूर्वतयारी असल्याचे मानले गेले. सुलतानाच्या काही भावांनी व काही धार्मिक संघटनांनी या आज्ञांना उघड विरोध केला.

२०१२ च्या कायद्यात गव्हर्नरपदाच्या उमेदवाराने सादर करावयाच्या चरित्रात ‘पत्नी’ची माहिती मागितली होती. त्यामुळे हे पद पुरुषासाठीच राखीव असल्याचा अर्थ निघत होता. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी संविधान न्यायालयाने ही तरतूद भेदभावमूलक ठरवून रद्द केली. स्त्री गव्हर्नर होण्यातील कायदेशीर अडथळा त्यामुळे दूर झाला. मात्र सुलतान कोणी व्हावे हा राजघराण्याचा अंतर्गत प्रश्न असल्याने वाद मिटलेला नाही.

दारिद्र्य, वेतन व विषमता

मानव विकास निर्देशांकात योग्यकर्ता प्रांत देशात जकार्ताच्या पाठोपाठ असतो आणि येथील आयुर्मान व शिक्षणाची पातळी उच्च आहे. त्याच वेळी मार्च २०२३ मध्ये प्रांतातील दारिद्र्याचे प्रमाण ११.०४ टक्के होते, तर विषमता मोजणारा जिनी गुणांक ०.४४९, म्हणजे देशात सर्वाधिक होता. २०२३ साठी प्रांतिक किमान वेतन दरमहा सुमारे १९.८ लाख रुपिया ठरवण्यात आले. जकार्तामध्ये ते सुमारे ४९ लाख रुपिया होते. किमान वेतन दरवर्षी गव्हर्नरच्या आदेशाने निश्चित होत असल्याने कामगार संघटनांची नाराजी थेट सुलतानाच्या दारी पोहोचते. राहणीमान स्वस्त व लोक अल्पसंतुष्ट असल्याची प्रतिमा पर्यटन जाहिरातींत रूढ असली, तरी बाहेरच्या गुंतवणूकदारांमुळे वाढलेल्या जमिनीच्या किमती स्थानिक तरुणांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत.

पर्यटन, पाणी व कचरा

२०१० नंतर शहरात हॉटेलांची संख्या वेगाने वाढली. हॉटेलांच्या खोल कूपनलिकांमुळे विहिरी आटत असल्याच्या तक्रारी काही वस्त्यांतून आल्या. ‘जोगजा विकाऊ नाही’ या आशयाची जावानी घोषणा २०१३ पासून भित्तिचित्रांतून व आंदोलनांतून दिसू लागली. २०१४ पासून काही वर्षे महापालिकेने नव्या हॉटेलांचे परवाने स्थगित ठेवले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मालिओबोरो रस्त्याच्या पदपथांवर दशकानुदशके व्यवसाय करणाऱ्या सुमारे १,८०० फेरीवाल्यांना ‘तेरास मालिओबोरो’ या नावाच्या दोन बंदिस्त बाजारांत हलवण्यात आले. जागतिक वारसा नामांकनासाठी पदपथ मोकळे करणे हा त्यामागील एक हेतू होता. विक्री घटल्याची तक्रार अनेक विक्रेत्यांनी केली. त्यांपैकी एका बाजारातील विक्रेत्यांना २०२५ च्या आरंभी पुन्हा स्थलांतर करावे लागले.

बांतुल जिल्ह्यातील पियुंगान येथील कचराभूमी क्षमतेपलीकडे भरल्याने २०२३ च्या जुलैमध्ये ती बंद करण्यात आली व शहराच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. २०२४ मध्ये कचरा व्यवस्थापनाची जबाबदारी शहर व जिल्ह्यांकडे सोपवण्यात आली.

विविधता व सहिष्णुता

शंभराहून अधिक उच्च शिक्षणसंस्था असल्याने देशाच्या सर्व भागांतील विद्यार्थी येथे येतात व ‘सहिष्णुतेचे शहर’ असे शहराचे बिरुद प्रचारात आहे. या प्रतिमेला तडा देणाऱ्या घटनाही घडल्या आहेत. जुलै २०१६ मध्ये पापुआच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला पोलीस व काही गटांनी वेढा घातला आणि विद्यार्थ्यांना वंशवाचक शिवीगाळ झाली. त्याच वर्षी कोतागेदे येथील तृतीयपंथीयांची इस्लामी निवासी पाठशाळा एका धार्मिक गटाच्या दबावामुळे बंद करावी लागली. ती पुढे पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्लेमानमधील एका कॅथलिक चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना तलवारीने हल्ला झाला.

नैसर्गिक आपत्ती

२७ मे २००६ च्या भूकंपात ५,७०० हून अधिक लोक मरण पावले. सर्वाधिक हानी बांतुल जिल्ह्यात झाली. २०१० मधील मेरापीच्या उद्रेकात ३५० हून अधिक बळी गेले. मृतांमध्ये राजवाड्याने नेमलेले पर्वताचे पारंपरिक रक्षक माबाह मारिजान यांचा समावेश होता. शासनाने स्थलांतराचे आदेश दिल्यानंतरही, नववा सुलतान हामेंगकुबुवोनो याने सोपवलेले कर्तव्य सोडता येत नाही या भूमिकेतून त्यांनी गाव सोडले नव्हते. आज्ञा देणारे शासन व निष्ठेचे स्थान असलेला राजवाडा ही योग्यकर्तामध्ये एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेली दोन वेगळी अधिकारपीठे आहेत, हे या घटनेने ठळकपणे दाखवले.

सद्यस्थिती

जनमताचा मोठा भाग आजही विशेष दर्जाच्या बाजूने असल्याचे २०१० च्या आंदोलनाने दाखवून दिले आहे. राजघराण्याविषयीचा आदर आणि जमीन, वेतन व पर्यावरण या प्रश्नांवरील असंतोष हे दोन्ही येथे एकाच वेळी आढळतात. अनेक आंदोलक सुलतानाच्या पदाला नव्हे, तर गव्हर्नरच्या धोरणांना विरोध असल्याचे आवर्जून सांगतात. ही दोन पदे परस्परांपासून कितपत वेगळी मानता येतील, याची पुढील कसोटी हामेंगकुबुवोनो दहावा याच्या उत्तराधिकाराच्या वेळी लागेल.